पालिकेचं घर सोडलं, ती थंडी

दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले की सदर बाजाराच्या तोंडाशी जामाच्या हातगाड्या लागतात. पेरूला आम्ही रायपूरकडचे मराठी लोक जाम म्हणतो. हिरवे, पिवळे, एखादा पोपटानं टोचलेला. गाडीवाला मधूनमधून त्यांवर पाणी शिंपडत राहतो, आणि कापलेल्या फोडींवर तिखट-मीठ पडलं की तो वास स्कूटरच्या धुरातूनही वाट काढत येतो. शाळेतून परतताना त्या गर्दीत अडकले की मी ओढणी नाकाला लावते. बरोबरच्या शिक्षिकेला वाटतं, धुरामुळे. मी तिला तसंच वाटू देते.

थंडी आमच्याकडे अशीच येते. आधी जाम, मग सकाळचं धुकं, मग नवा तांदूळ. कुणाच्या घरी दुबराज शिजतोय ते जिन्यातच कळतं. त्या वासानं माणसाला भूक लागायला हवी. मला मात्र बांधलेल्या खोक्यांचा सुतळीचा वास आठवतो, आणि ती थंडी आठवते जिच्यात आम्ही पालिकेचं घर सोडलं.

आता आम्ही राहतो ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. आई आणि मी. भिंती गुळगुळीत, नळाला दिवसभर पाणी, खिडकीतून लांबवर दिवे दिसतात. तक्रार करावी असं काही नाही. तरी हिवाळ्यात माझा हात चुकतो. पहाटे उठून दिव्याचं बटण मी दाराच्या डावीकडे चाचपते. इथं ते उजवीकडे आहे. चहाचं आधण ठेवताना मागच्या दाराची कडी वाजल्यासारखी वाटते. या घराला मागचं दारच नाही. आणि आई भात वेळते तेव्हा निघालेलं गरम पाणी, ज्याला इथं सगळे पसिया म्हणतात, ती मोरीत ओतत नाही. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते. थोड्या वेळानं बोट बुडवून पाहते. पार गार झालं की मगच ओतते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीच्या पाइपाला गरम पाण्यानं काय होणार? मी विचारत नाही. मला माहीत आहे.

*

बीरगांवच्या बाजूला, उरला भागातले कारखाने लागतात त्याच्या अलीकडे, पालिकेनं भाड्यानं द्यायला बांधलेल्या घरांच्या चार ओळी होत्या. एकेका ओळीत बारा घरं. पत्ता काहीही असो, सगळे त्याला नुसतं ‘लाइन’ म्हणायचे. पुढं ओटा, आत दोन खोल्या, मागं न्हाणी आणि दोन खाटा मावतील एवढं अंगण. बाबा भंडाऱ्याकडून इथल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून आले, आणि तिसऱ्या ओळीतलं सातवं घर त्यांना मिळालं. मी त्या ओट्यावर चालायला शिकले, तिथंच बाराखडी गिरवली, तिथूनच सासरी गेले आणि चार वर्षांनी एक पेटी घेऊन तिथंच परत आले. आईनं दार उघडलं, पेटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “हात-पाय धू, भात टाकला हाय.” त्या घरानं माझ्याबद्दल एवढाच प्रश्न विचारला, की मी जेवणार का.

तिथल्या थंडीला काळा रंग होता. धुकं खाली उतरलं की चिमण्यांचा धूर त्यात अडकायचा आणि सकाळी ओट्यावर काजळासारखी भुकटी पडलेली असायची. आई दिवसातून दोनदा ओटा झाडायची. कपडे आम्ही उलटे करून वाळत घालायचो, म्हणजे काळं लागलं तर आतल्या बाजूला लागावं. माझ्या लहानपणच्या सगळ्या हिवाळ्यांत नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा, आणि आम्हाला वाटायचं, सगळ्यांचाच होतो.

मागच्या अंगणात भिंतीच्या कोपऱ्यात जामाचं झाड होतं. बाबांनी लावलेलं. मी पहिलीत होते तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं. मी कॉलेजात गेले तेव्हा त्याच्या फांद्या शेजारच्या अंगणात उतरलेल्या होत्या. हिवाळ्यात ते इतकं लगडायचं की अख्खी लाइन खायची. आई टोपली भरून घरोघर पाठवायची. स्वतः मात्र एकही जाम कधी तोंडात घालायची नाही. विचारलं तर म्हणायची, “दाताले सोसत नाही वं.” तेव्हा तिचे दात चांगले होते. बाबाही खायचे नाहीत. पण उन्हाळ्यात रोज दोन बादल्या पाणी घालायचे आणि दिवाळीआधी बुंध्याला चुना लावायचे, घराला लावायच्या आधी.

आणि एक नियम होता. त्या कोपऱ्यात गरम पाणी टाकायचं नाही. भाताचं नाही, चहाचं उकळलेलं नाही, आंघोळीचं उरलेलंही नाही. माझ्या धाकट्या भावानं, प्रशांतनं, एकदा अंड्याचं उकळतं पाणी तिकडं भिरकावलं, तर आईनं त्याला अशी चापट मारली की तो दिवसभर गाल धरून बसला. “पोट्टे हो, तिकडं गरम टाकू नोका म्हणून किती खेप सांगू?” आम्ही समजलो, झाडाची मुळं पोळतात.

*

बाबांची छाती कारखान्यानं खाल्ली. शेवटच्या पावसाळ्यात ते तीन आठवडे दवाखान्यात होते. एका दुपारी आई डबा आणायला घरी गेली होती. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. ते छताकडे पाहत म्हणाले, “सुनंदा, जामाखाली तुझा भाऊ हाय.”

मला वाटलं, तापात बोलतायत. मी म्हटलं, “प्रशांत पुण्याले आहे बाबा. परवा येतोय.”

“प्रशांत नाही. त्याच्या आधीचा.”

मग थांबत थांबत, दर दोन वाक्यांनंतर ऑक्सिजन ओढत, त्यांनी सांगितलं. मी सहा वर्षांची असताना आईला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. घरीच झाला. एक दिवस जगला. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. गाव परकं, आपलं असं माणूस जवळ नाही, लहान लेकराला कुठं नेतात हे विचारायचं कुणाला? शेजारी दुकलहीन काकींचा नवरा होता, छत्तीसगढी माणूस, बाबांच्याच मिलमध्ये. तो म्हणाला, आमच्यात एवढं लेकरू घराजवळच ठेवतात, लांब एकटं टाकत नाहीत. दोघांनी मिळून मागच्या कोपऱ्यात खोदलं. वर बाबांनी जामाचं रोप लावलं.

“तुझ्या आईले सांगितलं का खारून नदीच्या काठी नेऊन ठेवलं. तिले तेच माहीत हाय. अंगणात हाय म्हटलं असतं तर तिनं त्या घरात दिवस काढले असते काय? तू नोको सांगू.”

मी होकार दिला. तेल माझ्या हातावर तसंच राहिलं होतं.

आणि मला ती सकाळ आठवली. म्हणजे ती मला नेहमीच आठवत होती, फक्त ती कसली सकाळ आहे हे माहीत नव्हतं. थंडीचेच दिवस. मला शेजारी दुकलहीन काकींकडे बसवलेलं. काकींनी तांदळाच्या पिठाचे धिरड्यासारखे चीले केले होते, टमाट्याच्या चटणीबरोबर, आणि मला हवे तेवढे दिले, हे विशेष होतं. पोट फुगेपर्यंत खाऊन मी घरी आले तर बाबा न्हाणीत गुडघ्यांवरची माती धूत होते. आई भिंतीकडे तोंड करून निजलेली. मी विचारलं, “बाळ कुठं गेलं?” बाबा म्हणाले, “परत गेलं.” मला ते पटलं. त्या वयात येणारे पाहुणे परत जातातच.

आठ दिवसांनी बाबा गेले. आणि मी घरी परत आले ती एक ओझं घेऊन. अंगणात कपडे वाळत घालताना मी त्या कोपऱ्याकडे पाठ करायची. कधी आईला तिथं झाडू मारताना पाहिलं की मी आत निघून जायची. वाटायचं, हिला माहीत नाही. चौतीस वर्षं ही त्याच्या अंगावरून झाडतेय आणि हिला माहीत नाही.

*

नोटीस त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी आली. घरं जुनी झालेली, छताचे पापुद्रे पडायचे, दुसऱ्या ओळीत तर एका म्हाताऱ्याच्या ताटात सिमेंटचा तुकडा पडला होता. त्यामुळे कुणाला अन्याय वाटला नाही. महिन्याभरात घरं रिकामी करायची होती. पालिकेचा बाबू दारोदार कागद चिकटवत आला, साधा माणूस, मफलर गुंडाळलेला. आईनं त्याला पाणी दिलं.

“इथं काय होणार हाय भैया?”

“ट्रक पार्किंग बनेगा माताजी. पहले खुदाई होगी, नाली का पाइप डलेगा, फिर सिमेंट.”

“खुदाई किती खोल?”

बाबू हसला. अशा बाईला खोलीशी काय करायचं, असं हसू. “छह-सात फुट तो जाएगा ही.”

आईनं त्याच्या हातातून रिकामा पेला घेतला आणि आत गेली. त्या दिवशी संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धी भाकरी. मला वाटलं, बाबांच्या आठवणीनं. घर सुटतंय, माणूस गेलेलं, स्वाभाविक आहे. मी फोन करून प्रशांतला सांगितलं. तो मराठी समजतो, बोलतो हिंदीत. “दीदी, मैं आता हूँ. आप पॅकिंग शुरू करो. आई को बोलो टेन्शन न ले.”

मी खोकी बांधायला घेतली. शाळेला जाण्याआधी दोन, आल्यावर दोन. भांडी, पुस्तकं, बाबांची हत्यारांची पेटी, बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर. आणि रोज परत आले की सकाळची दोन खोकी उघडलेली असायची. डबे परत फळीवर, ओळीनं. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली.

“आई, काहून खोललं?”

“डाळ लागत होती.”

“एका डाळीसाठी दोन खोके?”

ती तांदळातला खडा लांब फेकायची.

एकेक घर रिकामं होत चाललं. टेम्पो यायचा, खाटा उभ्या करून चढवायचे, पोरं गाद्यांवर बसून हात हलवायची. दुसऱ्या दिवशी भंगारवाले दारं-खिडक्या काढून न्यायचे. मग त्या घरांना डोळे नसल्यासारखं व्हायचं. मी शाळेतून येताना पहिल्या ओळीतून चालायची तेव्हा आतल्या भिंतींवर काय काय दिसायचं. कुणाचं जुनं कॅलेंडर. कुणी पोराची उंची पेन्सिलीनं मोजलेली. देव्हाऱ्याच्या जागी तेलकट त्रिकोण. एका घराच्या रिकाम्या स्वयंपाकघरात कुत्री व्याली होती. आणि ऐन दुपारी, कुणी नसताना, त्या घरांमधून आवाज यायचे. भांड्याचा, खोकल्याचा, नावानं मारलेल्या हाकेचा. वारा असेल. दार नसलेल्या घरात वारा बोलतो. पण एकदा मी स्पष्ट ऐकलं की कुणीतरी “सुनंदा” म्हटलं, आणि मी वळून “आले” म्हणाले.

भीती मला त्या घरांची वाटत नव्हती. मला भीती सहा-सात फुटांची वाटत होती. मी डोळे मिटले की लोखंडी पंजा दिसायचा. वर्गात फळ्यावर गणित सोडवताना हात थांबायचा. मुली म्हणायच्या, “मॅडम, आगे?” आणि मला पुढची पायरी आठवायची नाही.

*

एका रविवारी आई बुद्ध विहारात गेली. दुपारचे दोन वाजले असतील, ऊन सौम्य, लाइन जवळजवळ रिकामी. मी बाबांच्या पेटीतून खुरपी काढली आणि जामाच्या बुंध्याशी बसले. माझं ठरलं होतं. जे काही असेल, काहीही नसेल तरी निदान तिथली माती, एका मडक्यात घ्यायची आणि खरंच खारूनमध्ये सोडून यायची. बाबांनी सांगितलेलं खरं करून टाकायचं. आईला कधी कळायचंच नाही.

वीतभर खोदलं. वरची काळी भुकटी संपून खाली लाल माती लागली, मुळांनी गच्च. खुरपी एका मुळाला लागली आणि मी ती बाजूला ठेवली. मला वाटलं, मी कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण ओढतेय. थंडीच्या दिवसांत.

“नोनी.”

दुकलहीन काकी. मधल्या बुटक्या भिंतीवर हात ठेवून उभी. छत्तीसगढीत मुलीला नोनी म्हणतात. नवरा जाऊन तिला दहा वर्षं झालेली, तीही त्याच आठवड्यात मुलीच्या गावी जाणार होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, खड्ड्याकडं पाहिलं.

“तोर दाई सब जानथे,” ती म्हणाली. तुझ्या आईला सगळं माहीत आहे.

“क्या जानती है काकी?”

“सब. पहिली दिन ले.” पहिल्या दिवसापासून. मग ती भिंतीवरचा हात काढून आत गेली, जशी एखादी बाई शेजाऱ्याच्या घरात जास्त पाहिलं म्हणून मागं सरते.

मी माती परत लोटली. तळव्यानं दाबली. आई विहारातून आली तेव्हा मी तिथंच बसलेली होते आणि माझ्या गुडघ्यांवर माती होती. तिनं ते पाहिलं. पायरीवर बसली, चपला बाजूला काढून ठेवल्या.

“तुले बाबांनी सांगितलं?” ती म्हणाली.

“हो.”

“कधी?”

“दवाखान्यात. तू डबा आणाले गेली होती.”

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “मी निजली होती त्या कोठीत. खिडकी बंद होती. पण खोदाच्या सब्बलचा आवाज आला ना मले. ठक्, मंग माती. ठक्, मंग माती. किती वेळ चाललं. तुझे बाबा येऊन म्हणे, खारूनच्या काठी नेलं. मी म्हटलं, बरं.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “खारूनच्या काठी सब्बल पडली तर मले इथं आवाज येईन काय वं?”

“मग बोलली काहून नाही? इतकी वर्षं?”

“त्यायले वाटे का मले माहीत नाही. त्यायच्या मनाले तेवढाच आधार होता. रोज पाणी घालत त्या झाडाले, चोरून पाहत माह्याकडं, का हिले समजलं तर नाही. मी का त्यायचा आधार काढून घेऊ?”

ऊन भिंतीवर चढलं होतं. दोन माणसं एका छताखाली चौतीस वर्षं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, ती एकमेकांसाठी. त्यांच्या भांडणांत, सणावारांत, माझ्या लग्नाच्या बोलणीत, माझ्या परत येण्यात, ती गोष्ट त्या कोपऱ्यात उभी होती आणि दोघांनी तिच्या अंगावर पाणी घातलं होतं, गार करून.

“त्याचं नाव ठेवलं होतं?” मी विचारलं.

“नाही. नाव ठेवलं असतं तर हाक मारा लागली असती.” चपला सरळ करत ती म्हणाली, “कानावर लव होती त्याच्या. तुझ्या कानावर होती तशीच.”

मी तिला मडक्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. “आता काय असन तिथं? केसबी नसन. मुळायनं घेतलं असन सगळं. मले न्याचं नाही त्याले कुठी. मले फक्त,” आणि इथं तिचा आवाज पहिल्यांदा फाटला, “मशीननं नोको. कचऱ्यासंगं टिपरात नोको.”

*

प्रशांत आला, चार दिवसांची रजा काढून. दोन दिवसांत त्यानं सगळं घर बांधून टाकलं. शेवटच्या सकाळी टेम्पो दारात उभा होता आणि तोच मफलरवाला बाबू किल्ली घ्यायला आला. बरोबर टेप घेतलेला एक माणूस होता, तो अंगण मोजत होता. आई त्याच्या मागं मागं फिरली.

“भैया, इथं नोका खोदू. एवढा कोपरा सोडून द्या.”

“क्यों माताजी?”

“झाड हाय ना.”

“पेड़ तो हटेगा माताजी. बीच में आ रहा है.”

“तर झाड घेऊन जा. खाली नोका खोदू.”

टेपवाला बाबूकडं पाहू लागला. बाबू नम्रपणे म्हणाला, “देखेंगे,” ज्याचा अर्थ त्या अंगणातल्या प्रत्येकाला कळत होता. प्रशांत वैतागला. “आई, एक पेड़ के पीछे? गाड़ी खड़ी है बाहर. चलो ना.”

आई त्याच्याकडं वळली. तिनं आवाज चढवला नाही. “तुझा भाऊ हाय तिथं,” ती म्हणाली.

टेप सुर्रकन डबीत परत गेली. बाबूला मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण त्यानं मफलर सोडला आणि दोघं बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. प्रशांत माझ्याकडं पाहत होता. मी मान हलवली. तो पुण्याहून आणलेल्या पांढऱ्या बुटांसकट त्या काळ्या भुकटीत खाली बसला. आणि मग तो, जो शाळेत गेल्यापासून आमच्याशी मराठीत एक वाक्य बोलला नव्हता, म्हणाला, “मले काहून नाही सांगितलं?”

तुझ्या जन्माच्या आधीचं होतं, म्हणून? की तू त्याच्यानंतर आलास, आणि तुझ्याकडं पाहताना आईला दोघं दिसायचे, म्हणून?

मेणबत्ती बांधलेल्या खोक्यात होती. प्रशांतनंच टेम्पोवर चढून खोकं शोधलं, सुतळी दातानं तोडली. आम्ही तिघं बुंध्याशी उभे राहिलो. आईनं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. प्रशांतला मधले शब्द येत नव्हते, तो नुसता शेवट मिळवत होता. सकाळच्या उजेडात ज्योत दिसतही नव्हती, नुसती हवा थरथरत होती तिच्या वर. बाबूनं बाहेर ओट्यावर मफलर काढून हातात धरला होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर त्यानंच त्याला हातानं थांबवलं.

किल्ली आईनं दिली. ओटा तिनं त्या सकाळीही झाडला होता. टेम्पोत ती पुढं बसली, मागं वळून पाहिलं नाही. प्रशांत मागं गाद्यांमध्ये बसला होता आणि रस्ताभर त्यानं बुटांवरची काळी भुकटी पुसली नाही.

*

मधल्या वर्षांत मी तिथं एकदाच गेले. आईला न सांगता. शाळेच्या कामानं बीरगांवला जावं लागलं, आणि रिक्षावाल्याला मी नेमकं त्याच रस्त्यानं घ्यायला सांगितलं. लाइन नव्हती. ओट्यांची रांगही नव्हती. लांबच लांब सिमेंट, त्यावर तिरप्या ओळीत उभे ट्रक, कोळशाचे, सळयांचे. मी तिसरी ओळ शोधत चालले, पावलं मोजत. सातवं घर, मग खोल्या, मग न्हाणी. एका ट्रकच्या मागच्या चाकापाशी येऊन थांबले. इथं असेल. की दहा पावलं पलीकडे. दुपार होती. क्लीनर चाकाच्या सावलीत निजला होता. एका बाजूनं नालीचं झाकण, दुसऱ्या बाजूनं दुसरं, सरळ रेषेत, आणि ती रेषा कुठून जाते हे पाहायला मी डोळे उचलले आणि मग खाली घातले. पाहिलं नाही.

घरी येऊन मी बुटांचे तळ धुतले.

तेव्हापासून मनात वाक्यं जुळवत होते. आईनं विचारलं तर काय सांगायचं. हिरवळ आहे म्हणावं. झाड तसंच आहे म्हणावं. एक वाक्य तर इतकं घोटलं होतं की ते मलाच खरं वाटू लागलं होतं: ‘तेवढा कोपरा त्यांनी सोडला, आई.’

या थंडीत, गेल्याच आठवड्यात, तिनं विचारलं. रविवार होता. ती खिडकीजवळच्या उन्हात चष्मा लावून स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. सुई-दोरा ओवायला तिनं माझ्याकडं दिला आणि सहज म्हणाली, “तू गेली होती ना तिकडं?”

मी दोरा ओवत होते. घोटलेलं वाक्य जिभेवर आलं. मग मला वाटलं, या बाईशी एकदा एवढ्या प्रेमानं खोटं बोललं गेलं आहे की दुसरं तिच्या वाट्याला नको.

“गेले होते,” मी म्हटलं. “झाड नाही आई. सगळं सिमेंट आहे. ट्रक उभे राहतात.”

तिनं सुई घेतली. दोऱ्याला गाठ मारली. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहायची हिंमत करत होते. मधे काय खोदलं, किती खोल, कुणी पाहिलं, काय निघालं, हे ती विचारील असं मला वाटत होतं, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं ते विचारलं नाही.

“जाड हाय सिमेंट?” ती म्हणाली.

“हो. ट्रकसाठी आहे ना.”

“मंग बरं झालं,” आई म्हणाली, आणि बाही उन्हाकडं धरून पहिला टाका घातला. “आता त्याले कोणी खोदत नाही.”